आधी पाणी सोडून दाखवा

ऑक्टोबर २०२५ मध्ये, ऐन दिवाळीत, वाशीच्या सेक्टर १४ मधल्या एका इमारतीत रात्री दहाव्या मजल्यावर आग लागली आणि ती वरच्या मजल्यांवर चढली. चार माणसे गेली. त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. त्यानंतर ठाणे-नवी मुंबईत जो वाद झाला, तो अशा प्रत्येक आगीनंतर होतो तसाच दोन वाक्यांभोवती फिरत राहिला. महापालिका आणि अग्निशमन दल काय करत होते, हे एक वाक्य. सोसायट्या नोटिसांना केराची टोपली दाखवतात, तोडा त्यांचे वीज-पाणी, हे दुसरे. दोन्ही बाजूंचा राग खरा आहे. पण दोघांनीही एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकली आहे. ती म्हणजे, तपासणी कुणीतरी बाहेरून येऊन करायची आणि शेवटी तिचा कागद फायलीत लावायचा. भांडण उरते ते एवढेच, की कसूर कागद देणाऱ्याची की घेणाऱ्याची.

माझे म्हणणे वेगळे आहे. अग्निसुरक्षेची तपासणी रहिवाशांच्या डोळ्यांसमोर, यंत्रणा प्रत्यक्ष चालवून झाली पाहिजे. तिच्यात इमारतीइतकेच भोवतालचे आवारही मोजले गेले पाहिजे. आणि जे निघेल ते, बरे असो की वाईट, गेटवरच्या फलकावर लागले पाहिजे. हे होत नाही तोवर अधिकारी वाढवले काय आणि दंड वाढवला काय, वरच्या मजल्यावरच्या नळात पाणी येईलच असे नाही.

आधी कायद्याकडे पाहू, कारण वादात तो फार ढिसाळपणे वापरला जातो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्यात यंत्रणा बसवण्याची आणि ती चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकावर किंवा भोगवटादारावर आहे. वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन तसे प्रमाणपत्र अग्निशमन विभागाला द्यायचे असते. सोसायट्यांच्या बोलण्यात याला ‘फॉर्म बी’ म्हणतात. अग्निशमन दल इमारत तपासू शकते, नोटीस देऊ शकते, वीज-पाणी तोडायला लावू शकते. पण दर सहा महिन्यांनी पंप चालतो की नाही हे पाहण्याचे काम कायद्याने इमारतीकडेच ठेवले आहे. ‘महापालिकेने का तपासले नाही’ हा प्रश्न रास्त आहे, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आपण आपल्या कमिटीला आणि स्वतःला विचारायचा असतो.

आता दुसऱ्या बाजूचे. ‘फॉर्म बी भरला की झाले’ असे मानणाऱ्यांनी तो भरला कसा जातो हे एकदा पाहावे. घोडबंदर रोडवरच्या एका उंच इमारतीत मी हे जवळून पाहिले आहे. प्रमाणपत्र ऑफिसात होते, मुदत शिल्लक होती, खाली सही-शिक्का होता. काही रहिवाशांनी हट्ट धरला म्हणून सर्वांत वरच्या मजल्यावरचा हायड्रंट, म्हणजे आग विझवण्यासाठीचा नळ, उघडायचे ठरले. जिन्यातल्या लाल पेटीत होज नीट गुंडाळलेला होता, पण त्याचे पितळी नोझल जागेवर नव्हते. चोरीला गेले असणार. लँडिंग व्हॉल्व्हचे चाक हलेना, कारण मागच्या रंगकामात जिन्याबरोबर त्यालाही ऑइल पेंटचे दोन हात बसले होते. वॉचमनने पाना आणला. चाक फिरले, आतून हवा सुटल्याचा आवाज आला, आणि पाणी आले नाही. सगळे जिना उतरून पंपरूममध्ये गेले, तेव्हा पॅनेलवरचा स्विच ‘ऑटो’वरून काढून ‘मॅन्युअल’वर केलेला आढळला.

तो स्विच कुणी आणि का फिरवला असेल, हे समजून घेण्यासारखे आहे. अशा इमारतीच्या राइझरमध्ये, म्हणजे सगळ्या मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपात, पाणी कायम दाबाखाली असावे लागते. दाब थोडा उतरला की छोटा जॉकी पंप आपोआप सुरू होऊन तो भरून काढतो. कुणी हायड्रंट उघडला आणि दाब एकदम पडला की मुख्य पंप धावतो, वीज नसेल तर डिझेलचा. त्या इमारतीत राइझरला कुठेतरी बारीक गळती होती, म्हणून जॉकी पंप रात्रभर चालू-बंद होत असे. पहिल्या मजल्यावरच्यांनी आवाजाची तक्रार केली, विजेचे बिल वाढल्याची चर्चा झाली, आणि प्लंबर येईपर्यंत म्हणून कुणीतरी स्विच फिरवला. पुढे प्लंबर आला की नाही ते कुणाला आठवत नव्हते. यात कुणी बदमाश नाही. तक्रार करणारे खोटे बोलत नव्हते, स्विच फिरवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. चार साध्या माणसांनी चार समजण्यासारख्या गोष्टी केल्या आणि उंच इमारतीची सगळी यंत्रणा निकामी झाली. फाइल तपासून हे कधीच सापडले नसते. व्हॉल्व्ह उघडला म्हणून सापडले.

यावर पहिला आक्षेप येतो तो बिल्डरबद्दलचा, आणि तो खोटा नाही. यंत्रणा मुळात बिल्डरने बसवली, महापालिकेने ती पाहून भोगवटा प्रमाणपत्र दिले, मग निकृष्ट पाइपांचा आणि अर्धवट स्प्रिंकलरचा (छतातून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचा) भुर्दंड घर घेणाऱ्याने का सोसायचा? या तक्रारीशी मी पूर्ण सहमत आहे. सोसायटीकडे ताबा देताना हायड्रंट चालवून दाखवणे सक्तीचे असायला हवे आणि न दाखवणाऱ्या बिल्डरवर कारवाई व्हायला हवी. पण ही तक्रार सिद्ध कशाने होणार? ताबा घेताना किंवा पहिल्या वर्षात पाणी सोडून पाहिले, दाब लिहून ठेवला, फोटो काढले, तर बिल्डरकडे दाद मागता येते. बारा वर्षांनी आग लागल्यावर ‘हे आधीपासूनच असे होते’ म्हणणाऱ्याच्या हातात काहीच नसते. बिल्डरवर राग असणाऱ्यांनीच ही तपासणी सर्वांत आधी करून घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सामान्य रहिवाशाला यातले काय कळते? तांत्रिक तपासणी तांत्रिक माणसानेच करावी. खरे आहे. पंपाची क्षमता पुरेशी आहे का, स्प्रिंकलरची मांडणी बरोबर आहे का, हे माझ्यासारख्याला सांगता येणार नाही. पण पाणी आले की नाही, हे कळायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा आला. १९२३ मध्ये संपूर्ण देशासाठी एक कायदा झाला. त्या तपासणीत निरीक्षकासमोर बॉयलरमध्ये नेहमीच्या दाबापेक्षा जास्त दाबाने पाणी भरून तो कुठे गळतो का, हे पाहिले जाते. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या किंवा वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांना हे सांगायला नको. बॉयलर थंड करून, उघडून, साफ करून ठेवायचा आणि निरीक्षक येईपर्यंत थांबायचे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. कागदपत्रे पाहून बॉयलर पास करा, असे कुठल्याही फोरमनने कधी म्हटले असेल का? मग तोच फोरमन निवृत्त होऊन सोसायटीचा सेक्रेटरी होतो, तेव्हा फायर पंपाच्या बाबतीत कागदावर का समाधान मानतो?

उत्तर मला लिफ्टमध्ये सापडते. लिफ्टचा वार्षिक देखभाल करार कोणतीही सोसायटी टाळत नाही, कारण लिफ्ट रोज शेकडो वेळा तपासली जाते. ती अडकली की पाच मिनिटांत फोन सुरू होतात. फायर पंप मात्र वर्षानुवर्षे कुणाला लागत नाही, म्हणून तो बिघडल्याचे कुणाला कळत नाही. रोजच्या वापरातून होणारी तपासणी ज्याच्या नशिबी नाही, त्याची तपासणी ठरवूनच करावी लागते, आणि ती चार लोकांसमोर करावी लागते. एजन्सीचा माणूस एकटा येऊन आग विझवण्याच्या सिलिंडरवरचे टॅग बदलून जातो, तेव्हा त्याला प्रश्न विचारणारे कुणी नसते. दहा रहिवासी जिन्यात उभे असले की तोच माणूस व्हॉल्व्ह उघडतो. एजन्सी पैसे घेऊन सह्या देतात, ही तक्रार ज्यांची आहे, त्यांच्यासाठी याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पाण्याचा आक्षेप खास आपल्याकडचा आहे. घोडबंदर पट्ट्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या सोसायट्यांना हजारो लिटर पाणी आगीसाठी राखून ठेवा म्हणणे सोपे नाही. पाणीकपातीच्या दिवसांत फायर टँकमधले पाणी घरगुती टाकीत ओढले जाते, हे सगळ्यांना ठाऊक असते आणि सभेत कुणी बोलत नाही. घरात प्यायला पाणी नसताना असे करणाऱ्याला मी दोष देणार नाही. पण मग ते इतिवृत्तात लिहा, फलकावर लिहा: आज फायर टँक रिकामा आहे. रहिवाशाला ते माहीत असू द्या. टाकी रिकामी असण्यापेक्षा, ती भरलेली आहे असे सगळ्यांनी धरून चालणे जास्त घातक आहे.

आवाराबद्दल तर बोललेच जात नाही. तपासणी म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर इमारत येते, पण बंब पहिल्यांदा आवारातच अडकतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीच्या भूखंडाचे प्रवेशद्वार किमान ६ मीटर रुंद हवे, त्यावर कमान असेल तर खाली साडेचार मीटर उंची मोकळी हवी, आणि इमारतीभोवतीची मोकळी जागा बंब फिरण्याइतकी आणि त्याचे वजन पेलण्याइतकी हवी. आता आपल्याच आवारातून एक फेरी मारावी. गेटची एक झडप कायमची बंद, तिच्याशी वॉचमनची केबिन. आत वळणावर पाहुण्यांच्या गाड्या. मागच्या बाजूला पेव्हर ब्लॉक, त्याखाली टाकी, आणि त्या झाकणांवरून किती टनांची गाडी जाऊ शकते याची नोंद कुठेच नाही. कुंड्यांच्या रांगेमागे भिंतीत लाल झाकणाचा एक इनलेट असतो. बंबातून इमारतीच्या पाइपात पाणी ढकलायचे ते तिथूनच. कितीतरी आवारांत त्याच्यासमोर स्कूटर लावलेली असते. सणाला मंडप पडतो आणि त्याचे बांबू नेमके बंबाच्या वाटेवर येतात. या सगळ्याला लागते एक मोजपट्टी आणि रविवारची सकाळ. त्यासाठी कुठल्या परवानाधारकाची गरज आहे?

पार्किंगला जागाच नाही, हे उत्तर मिळते. नसेल. शहर नियोजनाने मोटारी वाढू दिल्या आणि जागा दिल्या नाहीत, हा दोष रहिवाशाचा नाही. पण पार्किंगचे हे ओझे आगीच्या वेळी कुठे जाऊन पडते, याची उदाहरणे आपल्या देशात फार आहेत. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात १३ जून १९९७ रोजी ५९ माणसे गेली. आग तळमजल्यावरच्या पार्किंगला लागून असलेल्या ट्रान्सफॉर्मरची, आणि धूर वर बाल्कनीत, जिथे जादा खुर्च्या बसवून बाहेर पडायची वाट अडवलेली होती. कोलकात्याच्या एका बड्या रुग्णालयात डिसेंबर २०११ मध्ये नव्वदच्या आसपास माणसे दगावली. पार्किंगसाठी असलेल्या तळघरात ज्वालाग्राही सामान साठवले होते. गोरेगावला ऑक्टोबर २०२३ मध्ये आग पार्किंगमधल्या जुन्या कपड्यांच्या गठ्ठ्यांतून आणि दुचाकींतून पसरली आणि वरच्या घरांत झोपलेली माणसे गुदमरली. तिन्ही ठिकाणी आग खाली होती आणि माणसे वर मेली. धूर वाट शोधतो. जिन्याचे आगरोधक दार झाडाची कुंडी टेकवून उघडे ठेवलेले असेल किंवा विजेच्या डक्टमध्ये केबल ओढताना प्रत्येक मजल्यावर पाडलेली भोके बुजवलेली नसतील, तर सगळी इमारतच धुराडे होते.

ग्रिलचा मुद्दा मला सर्वांत अवघड वाटतो. बाल्कनीला आणि खिडक्यांना लोखंडी ग्रिल, मुख्य दाराला बाहेरून जाळीचे दुसरे दार, गच्चीला कुलूप. चोऱ्या होतात, लहान मुले आहेत, गच्चीवर पोरे दारू पितात, ही कारणे खरी आहेत आणि ज्या घरात एकटी म्हातारी माणसे राहतात तिथे ती अधिकच खरी. पण न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्यातही २५ मार्च १९११ रोजी एक दार चोरीच्या भीतीने कुलूपबंद होते. मुली कापड चोरून नेतील म्हणून. १४६ जण मेले, त्यांत बहुतेक तरुण स्थलांतरित मुली. आग आठव्या ते दहाव्या मजल्यावर होती आणि अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचत होती. आपले टॉवर त्याच्या तिप्पट-चौपट उंच आहेत. त्या उंचीवर इमारतीची स्वतःची यंत्रणा, तिचा जिना आणि तिची मोकळी वाट यांवरच भिस्त असते. म्हणून ग्रिल काढा असे मी म्हणत नाही. तिला आतून उघडणारी खिडकी ठेवा, गच्चीच्या कुलपाची चावी काचेच्या पेटीत दारापाशीच ठेवा, आणि तपासणीच्या दिवशी ती चावी लागते का ते लावून पाहा. आगीच्या वेळी थांबण्यासाठी मोकळी ठेवलेली जागा, म्हणजे ज्याला आपण रेफ्यूज एरिया म्हणतो, ती कुणाच्या फ्लॅटमध्ये घेतलेली किंवा जुन्या फर्निचरने भरलेली नाही ना, हेही त्याच फेरीत दिसते.

खर्चाचा प्रश्न थोडक्यात. नवी मुंबईतल्या सिडकोच्या जुन्या इमारतींत निवृत्त माणसे राहतात, मेंटेनन्स वाढवायला विरोध होतो. तिथे पूर्ण यंत्रणा बदलायला कर्ज किंवा मदत लागेल आणि शासनाने ती द्यावी. पण व्हॉल्व्ह उघडून बघायला, गेट मोजायला, जिन्यातले चपलांचे रॅक हलवायला खर्च नसतो, आणि दुरुस्तीचा अंदाजही त्यानंतरच निघतो.

एका आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही. दिवा, मुंब्रा, कळव्यात अनधिकृत इमारतींत राहणाऱ्यांना कोण सांगणार की फॉर्म बी द्या? तिथे ना राइझर, ना पंप, ना गाडी शिरेल असा रस्ता. रुग्णालयांचेही तसेच, मुंब्र्यात २८ एप्रिल २०२१ रोजी पहाटे एका खासगी रुग्णालयाला आग लागली तेव्हा रुग्णांना हलवताना चौघे गेले, आणि खाटेवरचा माणूस काही हायड्रंट तपासू शकत नाही. अशा ठिकाणी तपासणी महापालिकेनेच करायला हवी, आणि तिथे तिने कमी पडू नये म्हणून तरी सक्षम सोसायट्यांनी आपले काम स्वतः उचलावे. अग्निशमन दलाची माणसे मोजकी आहेत. त्यांचा वेळ हिरानंदानीतल्या टॉवरची फाइल चाळण्यात जावा की मुंब्र्यातल्या नर्सिंग होमचा जिना पाहण्यात?

रहिवाशांनी पाहून काय होते, ऐकतो कोण, असेही म्हणतात. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये जून २०१७ मध्ये आगीत ७२ माणसे गेली, आणि तिथल्या रहिवाशांनी आधीची काही वर्षे धोक्याबद्दल वारंवार लिहिले होते. ते खरेच आहे. पण ते बहुतेक भाडेकरू होते. इमारत नगर परिषदेची होती आणि निर्णय दुसऱ्यांच्या हातात होते. आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेत मालक आपण, कमिटी आपण निवडलेली, सर्वसाधारण सभेत ठराव आपण करायचा. ग्रेनफेलच्या रहिवाशांकडे जो अधिकार नव्हता तो आपल्याकडे आहे, आणि आपण तो एजन्सीच्या सहीवर सोडून देतो.

महापालिकांकडून मला एकच गोष्ट हवी आहे, आणि तिचा नमुना त्यांच्याकडेच तयार आहे. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ लकी कंपाउंडमधली इमारत कोसळून ७४ माणसे मेली. इमारतींच्या पडझडीने या शहराला असे वारंवार शहाणे केले आहे. आज दरवर्षी पावसाळ्याआधी ठाणे महापालिका धोकादायक इमारतींची सी-१ (सर्वांत धोकादायक) पासून सी-३ पर्यंत वर्गवारी करून यादी जाहीर करते, आणि नवी मुंबईही आपली यादी काढते. इमारतीचे नाव, ठिकाण, वर्ग. घरांच्या किमती पडतील म्हणून ती यादी लपवावी, असे आता कुणी म्हणत नाही. मग जानेवारी आणि जुलै संपल्यावर कुठल्या इमारतीने फॉर्म बी दिला, कुणी दिला नाही, आणि वरच्या मजल्यावर पाण्याचा दाब किती आला, हे प्रभागवार का छापू नये? घर घ्यायला आलेला माणूस आज पार्किंग आणि पाणी विचारतो; त्या यादीत पाहून तो हेही विचारेल. आणि विकणाऱ्याला उत्तर द्यायचे असेल तर त्याला आधी पंपरूममध्ये जाऊन स्विच कुठे आहे ते पाहावे लागेल.

सोसायटीच्या फलकावर लागणारा कागद फार मोठा नको. तपासणीची तारीख आणि वेळ; हजर रहिवाशांच्या सह्या; सर्वांत वरच्या हायड्रंटवर मिळालेला दाब; मुख्य वीज बंद करून डिझेल पंप सुरू झाला की नाही; भोंगा सगळ्या मजल्यांवर ऐकू आला की नाही; गेटची रुंदी, कमानीखालची उंची आणि इनलेटसमोरची जागा; आणि जे बिघडलेले सापडले ते कोण, कधीपर्यंत दुरुस्त करणार. येत्या जानेवारीत एजन्सीचा माणूस आला की त्याला ऑफिसात चहा देऊन कागदावर सही घेण्याऐवजी थेट वरच्या मजल्यावर न्या, आणि व्हॉल्व्ह त्यालाच उघडायला सांगा.